खिळा कधी सुलट असतो का? वस्तुसंग्रहालयांना आणि अभिलेखागारांना खुले पत्र

जगभरातल्या वस्तुसंग्रहालयांचे आणि अभिलेखागारांचे संचालक, अभिरक्षक आणि त्यांचे ऑनलाइन संग्रह सांभाळणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

माझे वडील छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं हातानं जुळवणारे, होते. केसमधून (कप्प्यांच्या पेटीतून) शिशाचा एकेक खिळा, म्हणजे छपाईचं एक अक्षर, उचलायचा, स्टिक नावाच्या हातातल्या पट्टीत ओळ जुळवायची, ओळी गॅलीत (तबकात) उतरवायच्या, मग चौकटीत बसवलेली ती जुळणी, म्हणजे फर्मा, आवळून यंत्राकडे पाठवायचा, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. म्हातारपणी त्यांचा हात थांबला, पण नजर थांबली नव्हती. तुमच्यासारख्या संस्थांनी इंटरनेटवर खुली केलेली जुनी छायाचित्रं त्यांना दाखवायचा मला नाद लागला होता. पडद्यावर एखादं चित्र मोठं करून मी त्यांच्यापुढे धरायचो आणि ते काय बोलतात ते ऐकत बसायचो.

एका संध्याकाळी एका परदेशी संग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहात मला एका जुन्या छापखान्याचं छायाचित्र सापडलं. काचेच्या निगेटिव्हवरून घेतलेलं, विलक्षण स्पष्ट. एक जुळारी केसपुढे उभा आहे, त्याच्या बाजूला टेबलावर आवळलेला फर्मा आहे. मोठं करत गेलं की फर्म्यातली अक्षरंसुद्धा दिसत होती. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"हे उलटं आहे," ते म्हणाले.

"बाबा, अक्षरं तर नीट वाचता येताहेत."

"तेच म्हणतोय मी. खिळा कधी सुलट असतो का?"

मला उलगडायला क्षणभर लागला. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं ओतलेलं असतं, तेव्हाच ते कागदावर सुलट उमटतं. फर्म्याच्या छायाचित्रात अक्षरं सुलट दिसत असतील, तर सगळं छायाचित्रच डावं-उजवं झालेलं आहे. एक तर निगेटिव्ह चुकीच्या बाजूनं स्कॅन झाली असेल, नाहीतर अक्षरं उलटी दिसताहेत म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूनं चित्र "सरळ" केलं असेल. मग बाबांनी त्या माणसाच्या हातांकडे बोट दाखवलं. स्टिक उजव्या हातात होती आणि खिळा उचलणारा हात डावा. "सगळे जुळारी डाव्या हातात स्टिक धरतात," ते म्हणाले, आणि रिकामा डावा हात तसा धरून त्यांनी मला दाखवला. इतक्या वर्षांनंतरही त्यांची बोटं अचूक त्याच कोनात वळली.

मी त्या संग्रहालयाला लिहिलं. चित्राच्या खाली "अभिप्राय कळवा" अशी सोय होती. तिथे मी खिळ्यांबद्दल, हातांबद्दल आणि माहिती कुणी दिली त्याबद्दल सविस्तर लिहिलं. यंत्रानं पाठवलेलं आभाराचं एक वाक्य आलं. चार महिन्यांनी पुन्हा लिहिलं, वर्षभरानं पुन्हा. प्रत्येक वेळी तेच वाक्य. छायाचित्र आजही तसंच उलटं आहे.

त्या संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही. ती वाईट आहे असं मला वाटत नाही, आणि हे पत्र तिच्याविरुद्धची तक्रार म्हणूनही लिहिलेलं नाही. मी तुम्हां सगळ्यांना लिहितो आहे, कारण त्यानंतरच्या वर्षांत मी अनेक ठिकाणी बघितलं आणि बहुतेक जागी तेच आढळलं. आम्हाला दाखवण्यासाठी तुमच्याकडे दारं आहेत, खिडक्या आहेत. आम्ही काही सांगितलं तर ते ठेवायला मात्र जागा नाही. ती जागा करा, एवढीच माझी मागणी आहे.

आधी तुमचे आभार मानायला हवेत, आणि ते मी मनापासून मानतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तुम्ही जे खुलं केलंत त्याची कल्पना माझ्या तरुणपणी कुणी केली नसती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं फेब्रुवारी २०१७ मध्ये ३,७५,००० प्रतिमा कुणीही कशासाठीही वापराव्यात म्हणून मोकळ्या केल्या. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या समूहानं फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा दिल्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं तर इमारतीचं नूतनीकरण चालू असताना, २०१२ साली, आपला संग्रह लोकांच्या हाती दिला आणि सांगितलं, घ्या, कापा, जोडा, काहीतरी नवं करा.

त्या निर्णयामागची एक गोष्ट मला फार आवडते. व्हर्मीर या डच चित्रकाराचं, राइक्सम्युझियममधलं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र तुम्हाला माहीतच आहे. त्या चित्राच्या पिवळट पडलेल्या, वाईट प्रती इंटरनेटवर हजारोंनी पसरल्या होत्या. लोक संग्रहालयाच्या दुकानात येत आणि तिथलं पोस्टकार्ड बघून म्हणत, हे रंग खरे नाहीत. खऱ्या चित्राची नीट छापलेली प्रत लोकांना खोटी वाटू लागली होती, कारण त्यांची नजर खोट्याला सरावली होती. तेव्हा संग्रहालयाच्या लोकांनी ओळखलं की कुलूप लावून खरं जपलं जात नाही, चांगली प्रतच मोकळी सोडली पाहिजे. २०११ मध्ये युरोपियाना या संस्थेनं आपल्या एका टिपणाचं नावच या पिवळ्या गवळणीवरून ठेवलं. जुन्या, कॉपीराइटचा हक्क संपलेल्या चित्रांच्या साध्या छायाचित्रांवर आजही शुल्क आणि बंधनं लावणाऱ्या संस्थांनी ते टिपण पुन्हा वाचावं. युरोपीय संघानं तर २०१९ च्या निर्देशातच म्हटलं आहे की हक्क संपलेल्या कलाकृतीची हुबेहूब प्रत काढली म्हणून तिच्यावर नवा हक्क निर्माण होत नाही.

पण देणं हे अर्धंच काम आहे.

जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं सुमारे ३,००० जुनी छायाचित्रं फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली. त्यांतली बरीच एका वृत्तसंस्थेची होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. काचेवर खरडलेलं एखादं आडनाव, एखादा शब्द, एवढीच त्यांची ओळख. लोक तुटून पडले. कुणी मागची इमारत ओळखली, कुणी त्या दिवसाचं वर्तमानपत्र शोधून आणलं, कुणी आपल्या खापरपणज्याला ओळखलं. महत्त्वाचं घडलं ते त्यानंतर. ग्रंथालयातल्या माणसांनी ती माहिती वाचली, तपासली आणि खरी निघाली तेव्हा स्वतःच्या अधिकृत कॅटलॉगमध्ये घातली. पहिल्या दहा महिन्यांतच ५०० हून अधिक नोंदी अशा सुधारल्या गेल्या. आणि त्या नोंदींमध्ये आजही कंसात लिहिलेलं दिसतं: माहितीचा स्रोत, फ्लिकर कॉमन्स प्रकल्प, २००८.

ती कंसातली ओळ बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नाव कुणाचंच नाही, पण माहिती बाहेरून आली, लोकांकडून आली, हे ग्रंथालयानं आपल्या दप्तरात कायमचं लिहून ठेवलं. माझ्या बाबांच्या डाव्या हाताला एवढीच ओळ हवी होती.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २००८ मध्ये केलं ते याहून धाडसाचं वाटतं. जुनी वर्तमानपत्रं स्कॅन केली, यंत्राकडून मजकूर वाचून घेतला, आणि यंत्रानं त्यात असंख्य चुका केल्या. शाई पसरलेली, कागद फाटलेला, खिळे झिजलेले. झिजलेला खिळा म्हणजे काय ते मला घरातच कळलं होतं, त्याचं अक्षर अर्धंच उठतं. तेव्हा ग्रंथालयानं सरळ मजकूर लोकांपुढे ठेवला: डाव्या बाजूला यंत्रानं वाचलेलं, उजव्या बाजूला मूळ पान, चूक दिसली की दुरुस्त करा. खातं उघडायचीही सक्ती नाही. आधीचा मजकूर पुसला जात नाही, प्रत्येक बदलाची नोंद राहते. अनोळखी लोक नासधूस करतील अशी भीती तिथेही होती, पण पहिल्या सहा महिन्यांच्या अहवालात ग्रंथालयानं लिहिलं की मुद्दाम केलेली नासधूस आढळली नाही. पुढे ही सगळी सोय ट्रोव्ह या नावाखाली आली आणि आजपर्यंत लोकांनी कोट्यवधी ओळी दुरुस्त केल्या आहेत.

याचं मोल कळलं ते २०२३ मध्ये. ट्रोव्हला पुढच्या खर्चाची तरतूद नव्हती, ते बंद पडेल अशी वेळ आली होती. तेव्हा जो आवाज उठला तो नुसत्या वाचकांचा नव्हता. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या ओळी दुरुस्त केल्या होत्या त्यांचाही त्यात आवाज होता, कारण ते दप्तर आता त्यांचंही होतं. एप्रिलमध्ये सरकारनं चार वर्षांसाठी ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. तुमच्यापैकी जे अंदाजपत्रकाच्या काळजीत असतात त्यांनी याचा विचार करावा. नुसतं बघून गेलेला माणूस तुमच्यासाठी भांडायला येत नाही. ज्यानं तुमच्या पानावर स्वतःच्या हातानं एक शब्द बसवला आहे, तो येतो.

मी स्वतःही हे काम थोडंफार केलं आहे. जर्मनीतल्या आरोलसेन अभिलेखागारात नाझी छळाला बळी पडलेल्या आणि त्यातून वाचलेल्या सुमारे १.७५ कोटी माणसांची कागदपत्रं आहेत. २०२० पासून ते लोकांना सांगताहेत की या, कार्डावरचं नाव वाचा आणि टंकून द्या. एकच कार्ड एकाहून अधिक जण वाचतात, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याकडून पकडली जाते. जन्मतारीख, व्यवसाय, छावणीतला क्रमांक. पहिल्या दिवशी मी चार कार्डं केली आणि उठलो. एका कार्डावर व्यवसायाच्या रकान्यात जुळारी या अर्थाचा जर्मन शब्द होता. त्यानंतर बराच वेळ मी पुढचं कार्ड उघडलं नाही. इतिहासाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, चित्रफिती बघितल्या आहेत, पण त्या माणसाचं नाव एकेक अक्षर करून लिहिताना जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं.

म्हणून "सहभाग" हा शब्द तुम्ही ज्या अर्थानं वापरता त्याबद्दल मला बोलायचं आहे. तुमच्या वार्षिक अहवालांत किती जणांनी पान बघितलं, किती अंगठे मिळाले, किती जणांनी पुढे पाठवलं याचे आकडे असतात. यात वाईट काही नाही, पण त्यातून कुणाला काय कळलं हे कळत नाही. पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझी छावणीच्या स्मारकाच्या समाजमाध्यमावरच्या नोंदी बघा. एक छायाचित्र, एक नाव, जन्माचा दिवस, कुठून आणलं, पुढे काय झालं. बहुतेक वेळा तीन-चार वाक्यं. सजावट नाही, विनोद नाही, बघणाऱ्याला ओढून घ्यायची कसरत नाही. जानेवारी २०२० मध्ये, छावणीच्या मुक्ततेला ७५ वर्षं झाली तेव्हा, ट्विटरवर त्यांच्यामागे १० लाखांहून अधिक माणसं होती. साधेपणानं आणि सातत्यानं सांगितलेलं लोक ऐकतात. संस्थेला सतत काहीतरी गमतीदार टाकत राहावं लागतं, हा समज मला पटत नाही.

तुमच्या बाजूच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. माणसं कमी असतात. संग्रह लाखांत आणि तो सांभाळणारे दोन-चार. येणाऱ्या शंभर पत्रांत सत्तर नुसतं कौतुक करणारी, वीस भलतंच सांगणारी आणि काही वाद उकरून काढायलाच आलेली असतील. तपासल्याशिवाय काहीही नोंदीत घालता येत नाही आणि तपासायला वेळ लागतो. हे सगळं मान्य. पण माझं म्हणणं एवढंच आहे की न तपासलेली माहितीसुद्धा टाकून देऊ नका. ती नोंदीच्या शेजारी ठेवा, "वाचकाकडून आलेली, अजून न पडताळलेली" अशी स्पष्ट खूण करून, तारीख घालून. उद्या एखादा अभ्यासक येईल, त्याला त्यातली एक ओळ उपयोगी पडेल. कागदाच्या जमान्यात चांगले अभिलेखपाल हेच करत. फाइलमध्ये टाचणीनं चिठ्ठी लावून ठेवत. ती टाचणी संगणकात हरवली आहे.

सगळंच सगळ्यांसमोर टाका, असंही मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु समाजाबरोबर काम करताना मुकुर्तू नावाची एक संगणक-व्यवस्था तयार झाली. मुकुर्तू म्हणजे त्यांच्या भाषेत मौल्यवान वस्तू ठेवायची पिशवी. तिथे कोणतं छायाचित्र कुणी बघावं हे तो समाज ठरवतो. काही स्त्रियांसाठी, काही पुरुषांसाठी, काही एका कुळापुरती, आणि मेलेल्या माणसाचं चित्र समोर येण्याआधी सूचना. पिढ्यान्पिढ्या या लोकांची चित्रं त्यांना न विचारता काढली गेली आणि दूरच्या कपाटांत ठेवली गेली. त्यांच्यासाठी सहभागाचा पहिला अर्थ नाही म्हणायचा हक्क हाच आहे. तो देताना कुठल्याही संस्थेनं कमीपणा मानू नये.

आता यंत्रांबद्दल, कारण तुम्ही सगळेच सध्या त्या विचारात आहात. हस्ताक्षर वाचणारी यंत्रं खरोखर चांगली झाली आहेत, पण ती चांगली कशी झाली हे विसरलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं २०१० मध्ये जेरेमी बेन्थॅम या तत्त्वज्ञाची हस्तलिखितं लोकांकडून उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्याचं अक्षर म्हातारपणी फारच वाईट झालेलं. स्वयंसेवकांनी ती पानं वाचली आणि त्याच उताऱ्यांचा उपयोग पुढे यंत्राला जुनं हस्ताक्षर शिकवण्यासाठी झाला. म्हणजे यंत्राच्या मागेही माणसांच्या संध्याकाळी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं १ एप्रिल २०२२ रोजी १९५० च्या जनगणनेचे कागद खुले केले, तेव्हा नावं यंत्रानं वाचलेली होती, पण सोबत कुणालाही चुकीचं नाव दुरुस्त करायची सोय ठेवली होती. हा क्रम मला योग्य वाटतो. यंत्रानं पहिला खर्डा करावा, माणसानं त्यावर हात फिरवावा, आणि दोघांनी काय केलं ते दिसावं.

तसं दिसत नाही तेव्हा काय होतं, तेही २०२१ मध्ये बघायला मिळालं. कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांची छायाचित्रं एकानं रंगीत केली, आणि काही चेहऱ्यांवर हसू बसवलं. मरणाच्या दारात काढलेलं छायाचित्र, आणि त्यात हसू. कंबोडियाच्या सरकारनं आणि नातेवाइकांनी आक्षेप घेतल्यावर ती प्रसिद्ध झालेली चित्रं काढून टाकण्यात आली. हे टोकाचं उदाहरण आहे हे मला कळतं. पण बाबांनी पकडलेलं ते उलटं छायाचित्र जर कुणी "वाचता यावं म्हणून" सरळ केलेलं असेल, तर मुळातली चूक त्याच जातीची आहे. बघणाऱ्याला सोपं जावं म्हणून पुरावा बदलला आणि बदलल्याची नोंद ठेवली नाही. रंग भरा, धूळ पुसा, आवाज स्वच्छ करा, पण मूळ प्रत एका टिचकीवर शेजारी ठेवा आणि काय बदललं ते लिहा.

घाई का करतो आहे, तेही सांगतो. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ द जानेरोमधलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. २०० वर्षांची संस्था, सुमारे २ कोटी वस्तू, त्यांतल्या बहुसंख्य गेल्या. त्यानंतर तिथल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, तुम्ही कधी भेट दिली असेल, छायाचित्रं काढली असतील, तर आम्हाला पाठवा. लोकांनी पाठवली. सहलीला गेलेल्या कुणाच्या तरी फोनमध्ये, मुलाच्या चेहऱ्यामागे, एखादी वस्तू शिल्लक होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि मुख्य कॅटलॉग परत दिसायला जानेवारी उजाडला. कागद जळतो आणि सर्व्हरही पडतो. लोकांकडे जे आहे त्यापर्यंत पोचायचा रस्ता संकटाच्या आधीच बांधलेला असेल, तर त्या रात्री तो शोधत बसावं लागणार नाही.

आणि माणसंही जातात. खिळ्यांची जुळणी करणारी पिढी जवळजवळ संपली आहे. तीच गोष्ट जुन्या टेलिफोन केंद्रांत बसणाऱ्या बायकांची, वाफेचं इंजिन चालवणाऱ्यांची, टेलिग्राफच्या कट्ट-कडकट्टमधून शब्द ऐकणाऱ्यांची. तुमच्या कपाटांत त्यांची अवजारं आहेत. अवजार कोणत्या हातात धरायचं हे ज्यांना माहीत आहे त्यांतले काही आज हयात आहेत. त्यांना तुमच्या इमारतीपर्यंत येता येणार नाही, पण कुणाचा तरी मुलगा किंवा नात त्यांच्यापुढे पडदा धरू शकेल. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते कुठे लिहायचं, हे त्या मुलाला सापडायला हवं.

बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या छायाचित्राचा पत्ता माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. तुमच्यापैकी ज्या संस्थेचं ते आहे, तिला तो पुन्हा पाठवायला मी तयार आहे. निगेटिव्ह फिरवून पुन्हा स्कॅन करायला काही मिनिटं लागतील. त्यानंतर नोंदीत कंसात एक ओळ घाला: माहितीचा स्रोत, एक जुळारी. नाव घातलं नाही तरी चालेल.

उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एका जुळाऱ्याचा मुलगा